रहस्यपटाचे परीक्षण कसे लिहावे: खुनी न सांगता खुनाविषयी

खुनाच्या रहस्यपटावर लिहिणाऱ्या परीक्षकासमोर एक वेगळीच अडचण असते. ज्या गोष्टीवर सगळा चित्रपट उभा असतो, नेमकी तीच त्याला सांगता येत नाही. कौटुंबिक चित्रपटाचा शेवट फसला असेल तर तसे सरळ लिहिता येते; येथे मात्र शेवट फसला हे वाचकाला पटवून द्यायचे आणि तो शेवट काय आहे याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. या कोंडीतून सुटण्यासाठी बहुतेक परीक्षणे दोनपैकी एक पळवाट शोधतात. काही जण निम्मी कथा सांगून "पुढचे पडद्यावरच पाहा" म्हणत थांबतात, तर काही "खिळवून ठेवणारा" आणि "धक्कादायक" या विशेषणांवर वेळ मारून नेतात. दोन्ही प्रकारांत वाचकाच्या हाती काही लागत नाही.

रहस्यपटाच्या परीक्षणाने मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे माझे मत आहे: हा चित्रपट प्रेक्षकाशी प्रामाणिकपणे खेळला का? अभिनय, छायाचित्रण, संगीत, संवाद यांचा विचार अवश्य करावा, पण त्यांनी हा खेळ कसा तोलला किंवा बिघडवला हे पाहण्यासाठी करावा. हा प्रश्न हाती धरून चित्रपट कसा पाहावा, टिपणे कशी काढावीत आणि रहस्य राखून कसे लिहावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

चित्रपट कोणता प्रश्न विचारतो हे आधी ओळखा

प्रत्येक रहस्यपट "खून कोणी केला?" एवढेच विचारत नाही, आणि हे लक्षात न घेतल्याने चांगल्या चित्रपटांवर अन्याय झालेला मी अनेकदा पाहिला आहे. २०१५ च्या हिंदी 'दृश्यम'मध्ये काय घडले हे आपल्याला पुष्कळ लवकर कळते. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. हिंदी आवृत्ती 'डोंबिवली फास्ट'चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी गोव्यात घडवली. दोन्हीकडे प्रश्न आहे तो हे कुटुंब सुटेल का आणि कसे, हा. त्यामुळे "खुनी आधीच कळतो, मग रहस्य काय उरले?" अशी तक्रार करणे म्हणजे पिठले मागवून त्यात साखर कमी असल्याचे सांगण्यासारखे आहे.

याउलट २०२४ चा होमी अदजानिया यांचा 'मर्डर मुबारक' दिल्लीतल्या उच्चभ्रू क्लबातल्या संशयितांची रांग उभी करतो आणि उघडपणे "यांच्यापैकी कोण?" असे विचारतो. २०२५ च्या 'वेक अप डेड मॅन'मध्ये गुड फ्रायडेच्या प्रार्थनेच्या वेळी धर्मगुरू वेदीशेजारच्या छोट्या खोलीत जातो आणि तेथेच त्याचा मृतदेह सापडतो, तेथे "कोणी?" इतकाच "हे शक्य तरी कसे झाले?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'किष्किंधा कांडम' (२०२४) या मल्याळम चित्रपटाची सुरुवात तर त्याहून साधी आहे. निवडणुकीच्या काळात परवाना असलेली शस्त्रे पोलिसांकडे जमा करायची असतात आणि एका वृद्ध निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची बंदूक घरात सापडत नाही. त्या हरवलेल्या बंदुकीच्या मागोमाग घराचा भूतकाळ हळूहळू उलगडत जातो. जस्टिन त्रिए यांच्या 'अनॅटमी ऑफ अ फॉल'ला (२०२३) कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याचा प्रश्न न्यायालयात उभा राहतो आणि तो पुराव्याइतकाच विश्वासाचा आहे.

निकाल आधीच ठाऊक असलेल्या कथांचीही एक जात आहे. कुप्रसिद्ध खुनी चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगातून पळाल्यावर १९८६ मध्ये गोव्यातल्या पर्वरीच्या 'ओ कोकेरो' या उपाहारगृहात मुंबई पोलिसांतले मधुकर झेंडे यांच्या हाती लागला, हे महाराष्ट्र-गोव्यातल्या जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. म्हणून २०२५ च्या 'इन्स्पेक्टर झेंडे'चे परीक्षण करताना "शेवट अपेक्षित" असे लिहिण्यात अर्थ नाही; माहीत असलेल्या शेवटापर्यंतचा प्रवास रंजक झाला की नाही, एवढेच पाहायचे.

त्यामुळे पहिले काम म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात चित्रपटाचा प्रश्न लिहिणे. तो मध्यंतरापर्यंत लिहिता आला नाही, तर तेही एक निरीक्षण आहे. मध्यंतरानंतर प्रश्न बदलला असेल तर दोन्ही लिहावेत, कारण पुष्कळ हिंदी थरारपटांची खरी गोची येथेच असते: पहिला अर्धा भाग "कोण?" विचारतो आणि दुसरा अर्धा भाग तो प्रश्न विसरून सूडकथा सुरू करतो.

पहिल्यांदा पाहताना

ट्रेलर पाहू नये, असे मी सांगणार नाही. उलट तो पाहावा आणि त्यात काय काय दाखवले आहे याची यादी करावी, कारण परीक्षणात काय उघड करायला हरकत नाही याची किमान मर्यादा त्यावरून ठरते. इतरांची परीक्षणे मात्र आधी वाचू नयेत.

चित्रपटगृहात मोबाइलवर टिपणे काढण्याचा मोह टाळावा. मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत जाणारा उजेड हा शिष्टाचाराचा भाग झालाच, पण स्क्रीनकडे मान खाली गेली की नेमका त्याच वेळी एखादा दुवा निसटतो. मी छोटी वही आणि जाड पेन्सिल नेतो व अंधारात, न पाहता, एका पानावर चार-पाचच शब्द लिहितो. "निळी छत्री", "घड्याळ ९?", "तिने दार आतून" असले काहीतरी. घरी आल्यावर त्यातले निम्मे वाचता येत नाही. पण जे वाचता येते ते त्या क्षणी मनाला खटकलेले असते, आणि रहस्यपटात खटकलेली गोष्ट हेच खरे भांडवल असते.

दोन क्षणांची नोंद मात्र चुकवू नये. पहिला, मध्यंतराचा: त्या क्षणी तुमचा संशय कोणावर आहे आणि का, हे नावानिशी लिहा. दुसरा, उलगड्याच्या पाच मिनिटे आधीचा, तेव्हाही तेच करा. नंतर आठवून लिहिले तर आपण सगळेच "मला आधीच कळले होते" असे सांगतो. वहीतले पान मात्र खोटे बोलत नाही. घरी ओटीटीवर पाहत असाल तर आणखी एक पथ्य पाळा. पहिल्या पाहण्यात मागे जाऊन दृश्य पुन्हा पाहू नका, कारण दिग्दर्शकाने ज्या वेगाने दुवा दाखवून पुढे नेला, त्या वेगानेच तो तुमच्यापर्यंत पोहोचला का हे तपासायचे आहे.

कालरेषा कागदावर मांडा

चित्रपट संपल्यावर त्याच दिवशी, लेखन सुरू करण्यापूर्वी, घटनांची कालरेषा मांडावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण परीक्षणातले वजनदार वाक्य बहुतेक वेळा यातूनच मिळते.

उदाहरण म्हणून 'दृश्यम' पुन्हा घेऊ. विजय साळगावकर हा केबलचा व्यवसाय करणारा, चौथी नापास, चित्रपटवेडा माणूस. पोलीस चौकशीत त्याचे कुटुंब सांगते की २ आणि ३ ऑक्टोबरला आम्ही पणजीत होतो: सत्संगाला गेलो, हॉटेलात पावभाजी खाल्ली, सिनेमा पाहिला, बसने परतलो. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात आपण प्रेक्षक म्हणून स्वतः जे पाहिले ते, दुसऱ्यात साक्षीदार जे सांगतात ते, आणि तिसऱ्यात तिकिटे, बिले यांसारखे कागद जे सांगतात ते. प्रत्येक घटनेसमोर तारीख आणि शक्य असेल तर वेळ लिहा. आता तिन्ही रकाने कोठे जुळतात आणि कोठे सरकतात ते पाहा. या चित्रपटाची सगळी करामत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यामध्ये आहे. माणसाला घटना आठवते पण तारीख आठवत नाही, आणि कागदावर तारीख असते पण माणूस नसतो. या दोहोंमधल्या फटीत हे कथानक बसवले आहे. ही गोष्ट परीक्षणात लिहिता येते, वाचकाला चित्रपटाची बांधणी कळते आणि कोणतेही गुपित उघड होत नाही.

याच तक्त्यातून चित्रपटाची पूर्वतयारीही दिसते. विजय रात्र-रात्र कार्यालयात बसून चित्रपट पाहतो, घरी परत जात नाही, बायको कुरकुरते. हे सुरुवातीचे प्रसंग पहिल्यांदा पाहताना निव्वळ विनोदाचे वाटतात. त्याचे पुढचे डोके कोठून आले याचे उत्तर त्या विनोदात आधीच देऊन ठेवलेले असते. पात्राचे कौशल्य गरज पडण्यापूर्वी पेरले होते की गरज पडल्यावर अचानक उगवले, हा तक्त्यातून विचारायचा सगळ्यात उपयुक्त प्रश्न आहे.

रकाने जुळत नसतील तर लगेच "चूक" म्हणून शेरा मारू नये. न जुळणे दिग्दर्शकाला ठाऊक आहे की नाही ते आधी पाहावे. काही चित्रपट काळाची मुद्दाम सरमिसळ करतात. नितिलन सामिनाथन यांच्या 'महाराजा'मध्ये (२०२४) एक केशकर्तनकार पोलीस ठाण्यात येऊन 'लक्ष्मी' नावाचा आपला कचऱ्याचा डबा चोरीला गेल्याची तक्रार करतो, आणि तेथून कथा पुढे-मागे उड्या मारत जाते. अशा वेळी तक्ता दोनदा करावा लागतो: एकदा पडद्यावरच्या क्रमाने आणि एकदा प्रत्यक्ष घडल्याच्या क्रमाने. दोन्ही शेजारी ठेवल्यावर क्रम मोडल्याने नवा अर्थ मिळाला की केवळ गोंधळ झाला, हे ताबडतोब कळते.

खेळ न्याय्य होता का

येथे थोडे थांबावे लागेल, कारण परीक्षणाचा गाभा हाच आहे.

रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथाकार. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतले काही आता विनोदी वाटतात, एक-दोन त्या काळच्या पूर्वग्रहांतून आलेले आहेत. पण गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा आणि तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये, हे दोन नियम आजच्या चित्रपटालाही लावून पाहण्याजोगे आहेत. शेवटच्या पंधरा मिनिटांत आतापर्यंत न दिसलेला जुळा भाऊ, अचानक आठवलेले बालपण किंवा तपास अधिकाऱ्याने खिशात ठेवलेले पण आपल्याला न दाखवलेले पत्र बाहेर आले, तर प्रेक्षकाची फसवणूक झाली असे बेलाशक लिहावे.

पण फसवणूक आणि चकवा यांत फरक करायला हवा. चकवा म्हणजे खरी गोष्ट दाखवून लक्ष दुसरीकडे वेधणे. जादूगार उजवा हात हलवतो तेव्हा डावा हात झाकलेला नसतो, तो फक्त आपण पाहत नाही. फसवणूक म्हणजे पडद्यावर खोटेच दाखवणे. हिचकॉक यांच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये (१९५०) एका पात्राच्या तोंडून आलेला फ्लॅशबॅक पुढे खोटा ठरतो. पंचाहत्तर वर्षे झाली, त्यामुळे एवढे रहस्य फोडण्याची मुभा मी घेतो. तो निर्णय त्या काळी प्रेक्षकांना खटकला आणि आजही त्यावर वाद घालता येतो: पात्र खोटे बोलू शकते, मग कॅमेऱ्याने त्याला साथ द्यावी का? माझे उत्तर असे की, हे पात्र अविश्वासार्ह असू शकते याची सूचना चित्रपटाने आधी कोठेतरी दिली असेल तर चालेल, नाहीतर नाही. तुमचे उत्तर वेगळे असू शकते. परीक्षणात ते उत्तर स्पष्ट सांगितलेले असावे, एवढे पुरे.

हे तपासण्यासाठी दुसऱ्यांदा पाहणे अपरिहार्य आहे, निदान ज्या चित्रपटाविषयी ठाम मत द्यायचे आहे त्यासाठी तरी. दुसऱ्या वेळी खुनी कोण हे ठाऊक असते, म्हणून फक्त त्या पात्रावर नजर ठेवावी. इतर सगळे बोलत असताना ते काय करते, कोणत्या प्रश्नाला उत्तर देताना थांबते, कोणत्या खोलीत जायचे टाळते. चांगल्या रहस्यपटात हे दुसरे पाहणे पहिल्यापेक्षा अधिक आनंदाचे असते. कमकुवत रहस्यपटात मात्र तेच पात्र दृश्य रिकामे असतानाही उगाच निष्पाप चेहरा करून उभे असते. तेथे कोणीच नसताना ते कोणासाठी अभिनय करत होते, याचे उत्तर दिग्दर्शकाकडे नसते. "एकट्याने असतानाही नाटक करणारा खुनी" हा दोष मला वारंवार आढळतो, आणि नाव न घेता तो परीक्षणात सांगताही येतो.

पडद्याबाहेरच्या सवयींमुळेही खेळ बिघडतो. दिग्दर्शक रियान जॉन्सन यांनी २०२० मध्ये गमतीने सांगितले होते की, ॲपल कंपनी चित्रपटांत आयफोन वापरू देते, पण खलपात्राच्या हाती तो दिसू देत नाही. हे कळल्यापासून अनेक प्रेक्षक संशयितांचे फोन न्याहाळू लागले. आपल्याकडे हेच काम पात्रनिवड करते: सात संशयितांत एकच नावाजलेला नट, त्याला पहिल्या दोन तासांत चारच संवाद, मग प्रेक्षक तर्क करणारच. हा दोष पटकथेचा नसला तरी परिणाम रहस्यावर होतो, म्हणून त्याचा उल्लेख व्हावा. मात्र उल्लेखाची शब्दरचना जपून करावी, नाहीतर आपणच ते उघड करून बसतो.

पोलीस, कायदा आणि मृतदेह

तपासाचे तपशील जाणून घेणे परीक्षकाला उपयोगी पडते, परंतु तपशिलांची शिक्षकी तपासणी म्हणजे परीक्षण नव्हे. काही मोजक्या गोष्टी ठाऊक असल्या तरी पुरे. भारतात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातली ही तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. अटकेनंतर चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. नार्को चाचणी आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे ठाण्यातल्या अंधाऱ्या खोलीत खुनी सविस्तर भाषण करून गुन्हा कबूल करतो आणि तेवढ्यावर प्रकरण मिटते, असा शेवट असेल तर तो कायद्याच्याच नव्हे, कथेच्याही दृष्टीने अर्धवट आहे, कारण पुरावा काय हा प्रश्न तसाच राहतो.

१ जुलै २०२४ पासून खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली येते. तरीही २०२५ मध्ये घडणाऱ्या चित्रपटातल्या हवालदाराने "तीनशे दोन लागणार तुला" म्हटले तर मी ते चूक मानत नाही. खऱ्या हवालदाराच्या तोंडातूनही ते इतक्यात जाणार नाही.

शवविच्छेदनाबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवावी. डॉक्टर मृत्यूची वेळ सहसा काही तासांच्या टप्प्यात सांगतात, आणि हवामान, मृत्यूपूर्वीचे श्रम, देह कोठे ठेवला होता यांनी तो टप्पा बदलतो. उकाड्यात शरीर ताठरण्याची प्रक्रिया लवकर सुरू होते आणि लवकर उतरते. "मृत्यू रात्री ११ वाजून २० मिनिटांनी झाला" असे छातीठोक सांगणारा पडद्यावरचा डॉक्टर दिसला की समजावे, लेखकाला तेवढ्या मिनिटाची गरज होती. त्या मिनिटावर सगळा उलगडा टेकलेला असेल तरच त्याबद्दल लिहावे. टेकलेला नसेल तर सोडून द्यावे.

खऱ्या गुन्ह्यावर बेतलेले चित्रपट

येथे परीक्षकाची जबाबदारी वाढते. मेघना गुलजार यांचा 'तलवार' (२०१५) नोएडातल्या २००८ च्या दुहेरी हत्याकांडावर आधारलेला होता. चित्रपट आला तेव्हा २०१३ च्या निकालानुसार मृत मुलीचे आई-वडील दोषी ठरलेले होते. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. २०१५ च्या परीक्षणात "खरे काय घडले ते या चित्रपटाने सिद्ध केले" असे लिहिणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूकच ठरेल. चित्रपट सिद्ध करत नाही, तो मांडतो. तपासाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवण्याची त्याची पद्धत हाच त्याचा खरा विषय आहे. अशा परीक्षणात त्या प्रकरणाची सध्याची न्यायालयीन स्थिती एका वाक्यात तारखेसह द्यावी आणि संशयितांविषयी स्वतःचा निवाडा देऊ नये.

मृत व्यक्तीला चित्रपटाने माणूस म्हणून किती जागा दिली, हेही पाहावे. खऱ्या प्रकरणात तर पाहावेच, पण काल्पनिक कथेतही पाहावे. संपूर्ण चित्रपटात मृत तरुणीचे नाव तीनदाच उच्चारले गेले आणि तिचा मृतदेह मात्र सात वेळा दाखवला गेला, असे मोजून लिहिले तर वाचकाला बरेच काही कळते.

ऐकण्याची सवय

रहस्यपट डोळ्यांनी पाहिला जातो तितकाच कानांनी ऐकला जातो, आणि मराठी परीक्षणांत याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मधला (२०१८) पुण्यातल्या फ्लॅटचा प्रसंग आठवा. पियानोवादक आकाश वाद्य वाजवतो आहे आणि त्याच घरात त्याच्या पाठीमागे आणि समोर, शब्दही न उच्चारता, एका मृत्यूची आवराआवर चालली आहे. संवाद जवळपास नाहीतच. पियानोचे सूर एका लयीत चालू राहतात आणि त्या लयीवर माणसे पाय न वाजवता फिरतात, काहीतरी ओढतात, काहीतरी पुसतात. त्या क्षणी सूर थांबले तर सगळेच थांबेल, हे पडद्यावरच्या माणसांना कळते आणि आपल्यालाही. आकाशला यातले किती दिसते, किती दिसत नाही, हा चित्रपटाचा खेळ. आणि तो खेळ संगीत एकाच वेळी झाकते आणि उघडते. या प्रसंगाचे संकलन पूजा लढा सुरती यांचे आहे, आणि त्या पटकथेच्या लेखकांतही आहेत, ही गोष्ट लक्षात घेतली तर प्रसंगाची लय कागदावरच रचली गेली असावी असा तर्क करता येतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो 'लॅकॉर्दर' या फ्रेंच लघुपटावरून सुचला हे श्रेयनामावलीत मान्य केलेले आहे. आधारित कृती असेल तर हे सांगणे परीक्षकाचे कर्तव्यच आहे, कारण कल्पना कोणाची आणि विस्तार कोणाचा हे वाचकाला वेगळे दिसले पाहिजे.

एक सोपा प्रयोग सुचवतो. दुसऱ्यांदा पाहताना एखाद्या तणावाच्या प्रसंगात आवाज पूर्ण बंद करून पाहा. प्रसंग तरीही उभा राहिला तर ताण दृश्यरचनेत आहे. कोसळला तर तो केवळ पार्श्वसंगीताच्या ढोलांवर उभा होता. "पार्श्वसंगीत परिणामकारक" या ठरीव शेऱ्याऐवजी एवढे एक निरीक्षण लिहिले तर चांगले.

रहस्य राखून लिहिणे

आता प्रत्यक्ष लेखन. सुरुवातीच्या वर्षांत एका परीक्षणात मी रहस्य जसेच्या तसे जपले होते, निदान तसे मला वाटले. फक्त अभिनयाच्या परिच्छेदात एका सहायक नटाविषयी लिहिले की, "छोट्या भूमिकेतही त्याने दोन थर दाखवले." दुसऱ्या दिवशी परिचयातल्या एका बाईंनी चित्रपट पाहण्याआधीच मला खुनी सांगितला. छोट्या भूमिकेला दोन थर कशाला असतील, असे त्यांनी विचारले, आणि ते बरोबर होते. तेव्हापासून मी अभिनयाचा परिच्छेद शेवटी लिहितो आणि त्यात प्रत्येक संशयिताला साधारण सारखी जागा देतो. खुनी पात्राच्या नटाला जास्त जागा दिली तर तो फुटतो, आणि काहीच न लिहिले तरीही फुटतो.

आणखी काही सापळे आहेत. "शेवटची कलाटणी अंदाजापलीकडची आहे" असे लिहिल्यावर वाचक पहिल्या मिनिटापासून कलाटणी शोधत बसतो. "खुनी" या नामाचे लिंग अनवधानाने उघड होते; म्हणून "खुनी कोण होता" ऐवजी "खून कोणी केला" असे लिहावे. मराठीत क्रियापद लिंग बोलून दाखवते, त्यामुळे हा धोका आपल्याला अधिक आहे. आणि "प्रसिद्ध कादंबरीवर आधारित" म्हणत कादंबरीचे नाव दिले की वाचक तिचा शेवट शोधू शकतो. नाव तरीही द्यावेच, श्रेय लपवता येत नाही. फक्त कथानक मूळ कृतीशी कोठे फारकत घेते हे तपशिलाने सांगू नये.

काय सांगावे याचा माझा नियम असा: चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासातले आणि ट्रेलरमधले सगळे सांगता येते, त्यापुढचे नाही. दोष दाखवायचा असेल तर घटनेऐवजी घटनेचा प्रकार सांगावा. "डॉक्टरच्या भावाने खोटी चिठ्ठी ठेवली हे पटत नाही" याऐवजी "उलगडा एका अशा वस्तूवर टेकलेला आहे, जी त्याआधी एकदाही पडद्यावर आलेली नाही" असे लिहावे. दुसऱ्या वाक्यात दोष अधिक स्पष्ट कळतो, हे लिहिताना तुमच्याही लक्षात येईल. ज्या परीक्षणात शेवटाची सविस्तर चर्चा करायचीच आहे, ते वेगळे लिहावे आणि पहिल्याच ओळीत तसे सांगावे.

लांबीबाबत सातशे-आठशे शब्द पुरतात. कथेला त्यातले दीडशे, बांधणी आणि न्याय्य खेळ यांना निम्मे. बाकी सगळे उरलेल्यात. तारे द्यायचे असतील तर द्यावेत, पण मी आधी मजकूर पूर्ण करतो आणि मग तारे ठरवतो, कारण उलट केले की मजकूर ताऱ्यांची वकिली करू लागतो.

प्रसिद्ध करण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा कोणाला तरी परीक्षण मोठ्याने वाचून दाखवावे आणि संपल्यावर विचारावे, "तुला कोणाचा संशय येतो?" आमच्याकडे हे काम काकू करतात. भाजी निवडत ऐकतात, मध्ये एकदाही बोलत नाहीत. त्यांनी बरोबर नाव घेतले तर मी परत टेबलाशी बसतो. परवाच्या परीक्षणावर त्यांनी ठामपणे नायिकेच्या सासऱ्याचे नाव घेतले. त्या चित्रपटात सासरा नव्हताच. त्याच संध्याकाळी मी मजकूर पाठवून दिला.